ॲम्बेसेडर आणि फियाटच्या ‘निकोप स्पर्धे’विषयी

आर्वी, पुलगाव, धामणगावच्या पट्ट्यात पोळ्यापासून एक मजकूर हातोहाती फिरतो आहे. त्याचे म्हणणे थोडक्यात असे : ॲम्बेसेडर आणि फियाट या दोन अस्सल स्वदेशी गाड्यांमध्ये अनेक दशके निकोप स्पर्धा होती, लोकांचे त्यांच्यावर इतके प्रेम होते की ते गाडीसाठी वर्षानुवर्षे थांबत, सरकारने मारुती ही परदेशी गाडी पुढे करून या दोघींचा बळी घेतला, आणि त्यामुळे खेड्यातल्या माणसाची हक्काची गाडी गेली. ज्यांच्या वाचनाविषयी मला आदर आहे अशा मंडळींनीही हा मजकूर पुढे पाठवला, म्हणून त्याला सविस्तर उत्तर देणे मला आवश्यक वाटते.

विक्रीची स्पर्धा व्हायची तर माल किती काढायचा आणि तो कोणत्या भावाने विकायचा, या दोन गोष्टी विकणाऱ्याच्या हाती असाव्या लागतात. 1951च्या उद्योग (विकास व नियमन) कायद्यानंतर पहिली गोष्ट परवान्याच्या ताब्यात गेली आणि कारखान्याची क्षमता वाढवायलाही दिल्लीची परवानगी लागू लागली. जनरल मोटर्ससारखी कंपनी, जी 1928 पासून मुंबईत गाड्या जोडत होती, ती 1950च्या दशकाच्या पूर्वार्धात काम आटोपून गेली, कारण केवळ सुटे भाग आणून गाडी जोडणाऱ्यांना यापुढे जागा नाही, असे धोरण ठरले होते. उरल्या ॲम्बेसेडर बनवणारी उत्तरपाड्याची हिंदुस्थान मोटर्स, फियाट बनवणारी कुर्ल्याची प्रीमियर आणि मद्रासची स्टँडर्ड. दुसरी गोष्ट, म्हणजे भाव, 1969 मध्ये सरकारने कायद्यानेच बांधून दिला आणि तो वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. 1972 पासून कापूस एकाधिकार खरेदी योजना, म्हणजे कापूस फक्त सरकारलाच ठरलेल्या भावाने विकायचा ही पद्धत, अनुभवलेल्या विदर्भाला तरी हे समजावून सांगायला नको. त्या काळी दोन गावांच्या खरेदी केंद्रांमध्ये निकोप स्पर्धा होती, असे आपल्याकडचा एकही कापूस उत्पादक म्हणणार नाही. मग मोटारींच्या बाबतीत ते आपण कशाच्या आधारावर म्हणतो?

रांगेचा मुद्दा मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो, कारण त्यात लोकांनी सोसलेली अडचण त्यांचे प्रेम म्हणून सांगितली जाते. मारुती येण्यापूर्वी संपूर्ण देशात वर्षाला चाळीस हजारांच्या आसपास मोटारी तयार होत. त्यातला एक वाटा सरकारी कोट्यात जाई आणि उरलेल्यांसाठी बुकिंगचे पैसे भरून लोक नंबर लावून बसत. खासगी ग्राहकांची ओढ फियाटकडे अधिक होती आणि तिची रांगही अधिक लांब होती. खरी स्पर्धा असती तर प्रीमियरने कारखाना वाढवून ती मागणी पुरवली असती आणि हिंदुस्थान मोटर्सला आपली गाडी सुधारणे भाग पडले असते. तसे झाले नाही. ज्याला फियाट मिळाली नाही तो ॲम्बेसेडर घेई आणि ज्याला दोन्ही मिळाल्या नाहीत तो थांबे, त्यामुळे कोणत्याही कंपनीचे ग्राहक तुटत नसत. नंबर लागून मिळालेली गाडी बाजारात काढली तर तिला कारखान्याच्या भावापेक्षा जास्त पैसे येत. म्हणूनच वितरण आणि विक्री यांवर सरकारला 1959 मध्येच नियंत्रण आदेश काढावा लागला होता. ॲम्बेसेडरचा बांधा 1957 पासून जवळजवळ तोच राहिला, याचे कारणही याच रांगेत आहे. ग्राहक आधीच पैसे भरून उभा असताना नव्या साच्यावर खर्च करण्याची निकड कोणालाच नव्हती.

स्वदेशीच्या दाव्याला फार वेळ द्यायला नको. ॲम्बेसेडर ही इंग्लंडची मॉरिस ऑक्सफर्ड होती, पद्मिनी (आपल्या फियाटचेच नंतरचे नाव) ही इटलीची फियाट 1100 होती आणि स्टँडर्डची हेराल्ड ही ट्रायम्फची होती. कारखाने आणि कामगार आपले होते, याचा मला अभिमानच आहे. पण तो निकष लावला तर गुडगावचा कारखानाही आपलाच ठरतो. 14 डिसेंबर 1983 रोजी मारुतीची पहिली गाडी ग्राहकाच्या हाती गेली, तेव्हा त्या कंपनीचा 74 टक्के हिस्सा भारत सरकारचा आणि 26 टक्के सुझुकीचा होता.

सरकारने मारुतीला झुकते माप दिले, हे मात्र खरे आहे आणि ते मान्य केले पाहिजे. इंधन वाचवणाऱ्या लहान गाड्यांना करांत सवलती मिळाल्या आणि त्यांचा मोठा लाभ मारुतीला झाला. परंतु जुन्या कंपन्यांचे हात बांधून ठेवले होते, हे म्हणणे टिकत नाही. त्याच वर्षांत हिंदुस्थान मोटर्सने काँटेसा आणली आणि पुढे इसुझुचे इंजिन घेतले; प्रीमियरने 118 एनई ही गाडी निसानच्या इंजिनासह बाजारात उतरवली. ही इंजिने चांगली होती. तरीही ज्या कुटुंबाला लहान, हलकी आणि कमी पेट्रोल पिणारी गाडी हवी होती, त्याच्यासाठी दोघांनीही काही केले नाही. आणि बळी म्हणावा तर तो कधी गेला? पद्मिनीचे उत्पादन 2000च्या सुमारास थांबले आणि ॲम्बेसेडरचे 2014 मध्ये, म्हणजे मारुती आल्यावर तब्बल तीस वर्षांनी. मधल्या काळात 1993 मध्ये मोटारी बनवण्यासाठी परवाना घेण्याची अट रद्द झाली आणि 1998 मध्ये सँट्रो, मॅटिझ आणि इंडिका एकाच वर्षी आल्या. विक्रीची चुरस ज्याला म्हणावे ते तेव्हा सुरू झाले.

राहिला खेड्यातल्या माणसाचा प्रश्न. ॲम्बेसेडरचे पाटे (चाकांवरच्या स्प्रिंगच्या पट्ट्या) मजबूत होते, ती जमिनीपासून चांगली उंच होती आणि तालुक्याच्या कोणत्याही मिस्त्रीला ती खोलून जोडता येई, हे गुण मी मनापासून मानतो. पण आमच्या भागात ती दिसे ती साहेबांच्या दौऱ्यात, आमदारांच्या ताफ्यात, जिनिंगच्या मालकाच्या दारात, किंवा एखाद्या डॉक्टरांकडे. शेतकऱ्याच्या दारात रेंगी आणि दमणी या बैलगाड्या होत्या. पावसाळ्यात काळ्या मातीच्या पांदणीत जिथे बैलांचाही दम निघे, तिथे या दोन गाड्यांपैकी एकीचाही उपयोग नव्हता. एसटी जिथवर जाई तिथवर एसटी आणि त्यापुढे जीप, असाच आमचा प्रवास होता. महिंद्राने 1940च्या दशकाच्या अखेरीस विलीज जीप जोडायला सुरुवात केली होती आणि तिचीच पुढची डिझेल भावंडे, शिवाय पुण्याच्या बजाज टेम्पोची ट्रॅक्स, काळीपिवळी होऊन आमच्या फाट्यांवर उभी राहिली. बाजारहाट, दवाखाना, लग्नाचे वऱ्हाड आणि कॉलेजची पोरे यांना तिनेच वाहिले, आणि त्या मजकुरात तिचे नावसुद्धा नाही.