रेड अलर्ट २ : ‘रायनो काढत सुटा’ एवढ्यावर भागत नाही

‘रेड अलर्ट २’ या कॉम्प्युटरवरच्या युद्धखेळाबद्दल एक सल्ला फार फिरतो. या खेळात डोकं लागत नाही; सोव्हिएत बाजू घ्या, वॉर फॅक्टरी, म्हणजे रणगाड्यांचा कारखाना, उभी करा आणि रायनो रणगाडे काढत सुटा. रायनो समोरच्या मित्रपक्षांच्या (अमेरिकेच्या बाजूच्या) ग्रिझली रणगाड्याला खातोच, पैसे सगळ्यांना सारखेच मिळतात, पायदळ रणगाड्याखाली चिरडण्यापुरतं असतं, आणि खेळ लांबलाच तर अणुबॉम्ब आहेच. १९७२ मध्ये सोव्हिएत फौजा अमेरिकेत उतरतात अशी कल्पना असलेला वेस्टवुड या कंपनीचा हा खेळ २००० साली आला आणि आजही लोक नव्याने शिकतात. हा सल्ला मानून ते पहिल्या पाच-दहा मिनिटांत हरतात आणि खेळ सोडून देतात, याचं वाईट वाटतं.

आधी रायनो आणि ग्रिझली. एकास एक लढवले तर रायनो जिंकतो, हे खरं. त्याची ताकद, म्हणजे मारा सोसण्याची क्षमता, ४००, ग्रिझलीची ३००. एका गोळ्याचा मारा ९० आणि ६५. पण रायनो ९०० क्रेडिटना (खेळातले पैसे) पडतो, ग्रिझली ७०० ना. ६,३०० क्रेडिटमध्ये ७ रायनो येतात किंवा ९ ग्रिझली. आता बेरीज करा. एकूण ताकद २,८०० आणि २,७००. सगळ्यांनी एकेक गोळा मारला तर ६३० आणि ५८५. फरक दहा टक्क्यांच्याही आत आहे, त्यात ग्रिझली वेगाने थोडा सरस. मग रायनोवाला हरतो कशामुळे? फॅक्टरीतून निघालेला प्रत्येक रणगाडा तो थेट शत्रूकडे धाडतो. पुलावरून ते एकामागे एक पोचतात आणि एकेक करून मरतात. आधी सगळे एका जागी जमवा, मग कंट्रोल आणि शिफ्ट दाबून क्लिक करा, म्हणजे वाटेत भेटेल त्याच्याशी लढत ते पुढे सरकतील. तोंडाशी भिडल्यावर चार रायनोंना एकच लक्ष्य द्या: चार गोळ्यांत ३६० मारा होतो, ग्रिझली एका फेरीत जातो.

पैसे सारखे मिळतात हे तर साफ चूक, आणि खरा खेळ इथेच आहे. सुरुवातीला १०,००० क्रेडिट असतात असं धरा. वीज देणारा टेस्ला रिअॅक्टर ६००, पायदळाची बराक ५००, खनिजाचे पैसे करणारी रिफायनरी २,०००, वॉर फॅक्टरी २,०००. झाले ५,१००. उरलेल्या ४,९०० मध्ये पाच रायनो निघतात, सहाव्याला पैसे नाहीत. तिथून पुढे रणगाड्यांची संख्या तुमचे मायनर, म्हणजे खनिज आणणाऱ्या गाड्या, ठरवतात. सोव्हिएत वॉर मायनर भरून आला की साध्या खनिजाचे १,००० मिळतात, म्हणजे एका खेपेला एक रायनो. रत्नं भरली तर दुप्पट. मित्रपक्षांचा क्रोनो मायनर निम्मंच आणतो, पण परतीची वाट तो क्षणात कापतो.

फॅक्टरीतून मायनर मागवला तर १,४०० लागतातच, शिवाय तो बनेपर्यंत रणगाड्यांची रांग थांबते. दुसरी रिफायनरी २,००० ना पडते, पण तिच्यासोबत एक मायनर फुकट येतो आणि ती इमारतींच्या रांगेत बनत असल्यामुळे रणगाडे निघत राहतात. म्हणून दुसरी रिफायनरी आधी, दुसरी वॉर फॅक्टरी नंतर. दुसऱ्या फॅक्टरीची वेगळी रांग लागत नाही, आहे तीच रांग जलद होते; खिशात पैसे नसतील तर जलद रांगेचा उपयोग काय? जवळ तेलाची विहीर असेल तर ५०० चा इंजिनीअर तिच्यात घाला: लगेच १,००० मिळतात आणि पुढे थोडे थोडे येत राहतात.

‘पायदळ चिरडायला असतं’ हे कॉन्स्क्रिप्ट या साध्या सोव्हिएत शिपायापुरतं ठीक आहे. टेस्ला ट्रूपर हा विजेचा मारा करणारा शिपाई रणगाड्याखाली चिरडला जात नाही. मित्रपक्षांचा रॉकेटीअर ६०० चा, तो उडतो, आणि रायनोच्या तोफेला आकाशातलं काहीच मारता येत नाही. वीस रायनोंबरोबर फ्लॅक ट्रॅक ही विमानविरोधी गाडी एकही नसेल तर मोजके रॉकेटीअर त्यांना आरामात संपवतात. ५०० चा एक फ्लॅक ट्रॅक हे टाळतो, आणि त्यात पाच जण बसतातही. टेरर ड्रोन हे छोटं यंत्र पायदळ नव्हे, पण तोही ५०० चाच: ९०० च्या रायनोत शिरला की आतून पोखरत राहतो. अशा वेळी घाबरून रणगाडा पुढे ढकलू नका, दुरुस्तीच्या सर्व्हिस डेपोवर न्या. तिथे ड्रोन मरतो आणि रणगाडा वाचतो. डेपोच बांधला नसेल तर रणगाडा गेला समजा.

राहिला अणुबॉम्ब. तो डागणारी सायलो ५,००० ची, म्हणजे पाच-साडेपाच रायनो कमी. तयार होताच तिची जागा सगळ्यांना नकाशावर दिसते, उलट मोजणीचं घड्याळही दिसतं, आणि दहा मिनिटं वाट पाहावी लागते. तिला २०० वीज लागते, एक टेस्ला रिअॅक्टर देतो १५०. वीज अपुरी पडली की घड्याळ थांबतं, रडार बंद, तळ राखणारी टेस्ला कॉइल बंद, उत्पादनही मंदावतं. १,००० चा एक हेर कुठल्याही एका रिअॅक्टरमध्ये शिरला की पूर्ण तळाची वीज काही काळ जाते, आणि समोरचे रणगाडे नेमके तेव्हाच आत घुसतात. रिफायनरीत शिरला तर निम्मे पैसे घेऊन जातो. हेराला कुत्रा ओळखतो. कुत्रा २०० ना मिळतो. रिअॅक्टरपाशी एक आणि रिफायनरीपाशी एक, सायलोची पहिली वीट लागायच्या आधी उभे करा.