एकटा आलोय म्हणून उठायचं मीच का?

बालगंधर्वला नाटक असो की कोथरूडला यशवंतरावला, तिसरी घंटा झाली तरी हे चालूच, "काका, जरा तिकडे बसता का, आम्ही फॅमिली आहोत"... अहो मग तिकिटं एकत्र काढायची ना! मी प्लॅन उघडल्या उघडल्या, म्हणजे तिकीटविक्री सुरू झाली की लगेच, पुढची मधली सीट घेतो, जास्तीचे पैसे मोजतो, आणि बदल्यात काय देणार तर बाल्कनीतली कडेची, वर नाही म्हटलं की तोंड वाकडं. विचारा की, पण तुमची सीट तेवढीच चांगली असेल तरच, आणि पडदा उघडायच्या आधी, अंधारात उठाउठी झाली की स्टेजवरच्या कलाकारांनाही त्रास होतो. परवा एका बाईंनी तर विचारलंच नाही, सरळ माझ्या सीटवर पर्स ठेवून म्हणाल्या, "तुम्ही एकटेच आहात ना?" नाही उठलो मी, नाही उठणार!