दीड फुटाचा खड्डा, दहा कोई आणि ‘फिल्टर लागत नाही’

अंगणातल्या तलावात कोई, म्हणजे रंगीत जपानी मासे, पाळण्याबद्दलचा एक मेसेज सध्या हातोहात पुढे जातोय. त्यातलं म्हणणं थोडक्यात असं: दीड फूट खोल खड्डा खणा, ताडपत्री अंथरा, नळाचं पाणी भरा, कमळ आणि जलपर्णी सोडा, संध्याकाळी दहा कोई आणून टाका. झाडं पाणी साफ करतात आणि मासे डास खातात, म्हणून फिल्टर-पंप ही विक्रेत्यांची लूट आहे. मासे जागेच्या मानानेच वाढतात. पाणी हिरवं झालं तर तुरटी फिरवा, नाहीतर सगळं पाणी बदला. जपानी लोकही मातीच्या तळ्यात फिल्टरशिवायच कोई वाढवतात.

महिन्याभरात हा मेसेज मला तिघांनी पाठवला. तिसरा माझा मावसभाऊ, आणि त्याने मासे आणूनही झाले होते. गेली नऊ वर्षं मी परसात कोई पाळतेय. यातल्या एकेका वाक्यापायी मासे मेलेले पाहिलेत, काही माझ्याच हातून. म्हणून हे लिहितेय.

सगळ्यात घातक वाक्य म्हणजे ‘झाडं पाणी साफ करतात, फिल्टर नको.’ मासा कल्ल्यांवाटे सतत अमोनिया बाहेर टाकतो. उरलेलं खाद्य, विष्ठा आणि कुजलेली पानं यांतूनही अमोनियाच तयार होतो. जिवाणूंचा एक गट त्याचं नायट्राइट करतो, दुसरा त्या नायट्राइटचं नायट्रेट. पहिले दोन्ही माशाला विष आहेत. नायट्रेट त्या मानाने सौम्य, आणि झाडं ते खत म्हणून ओढून घेतात. झाडं थोडा अमोनियाही घेतात, हे खरं. मेसेजला आधार आहे तो एवढाच. पण त्यात सांगितलेला खड्डा आठ फूट बाय सहा फूट धरला तर दीड फूट खोलीला जेमतेम दोन हजार लिटर पाणी मावतं. पूर्ण वाढलेल्या एका कोईला हजार लिटर हा आम्हा पाळणाऱ्यांचा साधा हिशोब. दहा माशांची घाण निस्तरणं चार कमळांच्या आवाक्यातलं नाही.

शिवाय कोई ती कमळं राहू देईल तर ना! कोई जातीने कार्प, तळ उकरत अन्न शोधणारा. कुंडीतली माती उपसून काढतो, कोवळे कोंब खातो, जलपर्णीच्या मुळ्या कुरतडतो. झाडं हवीत, पण ती वरच्या अंगाला वेगळ्या उथळ कुंडात लावा. फिल्टरमधून आलेलं पाणी त्या कुंडातून वाहत हौदात पडू दे.

आणि रात्री झाडं पाण्यातला प्राणवायू देत नाहीत, वापरतात. मुळात पाणी तापलं की प्राणवायू कमी मावतो: २० अंशांना लिटरमागे सुमारे ९ मिलिग्रॅम, ३० अंशांना साडेसात. म्हणून एप्रिल-मेमध्ये, हौद झाडांनी गच्च भरलेला असेल तर, पहाटे पाचला मासे पृष्ठभागावर तोंड काढून धापा टाकताना दिसतात. सात वाजता आपण चहाचा कप घेऊन येतो तोवर ऊन आलेलं असतं, मासे खाली गेलेले असतात आणि सगळं आलबेल वाटतं.

फिल्टर म्हणजे नेमकं काय, हे मला कळलं ते दुसऱ्या वर्षी, दोन मासे गमावल्यावर. स्पंज काळपट आणि बुळबुळीत झाला होता. हाताला शेवाळलेल्या भांड्यासारखा चिकट लागत होता, वास मात्र पावसानंतरच्या मातीचा. मी तो नळाखाली धरून पुन्हा पुन्हा पिळला, अगदी नवा दिसेपर्यंत. चौथ्या दिवशी मासे कोपऱ्यात तळाला, पर अंगाला चिकटवून बसलेले. अमोनियाच्या टेस्टची नळी पिवळी राहायला हवी, ती गर्द हिरवी झाली. तो बुळबुळीत थर म्हणजेच जिवाणूंची वस्ती होती आणि नळाच्या क्लोरीनने ती मी धुऊन टाकली होती. आता स्पंज हौदाचंच पाणी बादलीत काढून, त्यात दोनदा हलकेच खळबळून घेते. बस.

‘त्याच संध्याकाळी मासे सोडा’ याचं उत्तरही यातच आहे. नव्या हौदात ही वस्ती नसतेच. ती बसायला चार ते सहा आठवडे लागतात. तेवढा काळ एक-दोन छोटेच मासे, चिमूटभर खाद्य आणि दर दोन दिवसांनी टेस्ट. सिमेंटचा नवा हौद असेल तर त्याआधी पाणी भरून, आठवडाभर ठेवून ओतून द्यायचं, असं तीन-चारदा. नाहीतर सिमेंटमधला चुना पाण्यात उतरून पीएच (आम्ल-अल्कलीचं माप) चढवतो, आणि पीएच चढला की तोच अमोनिया कैकपटीने विषारी होतो. पाणी ३० अंशांवर असताना पीएच ७ असेल तर एकूण अमोनियाचा एक टक्काही विषारी रूपात नसतो, साडेआठ असेल तर सुमारे वीस टक्के असतो. नळाचं पाणी सोडण्याआधी त्यातला क्लोरीन घालवण्यासाठी मत्स्यालयाच्या दुकानात मिळणारे हायपोचे खडे वापरतात.

जपानचा दाखला अर्धवट आहे. निइगाता भागातल्या भातशेतकऱ्यांनी एकोणिसाव्या शतकात खाण्यासाठी पाळलेल्या कार्पमधून हे रंग निवडत आणले, आणि १९१४ साली टोकियोच्या प्रदर्शनात ते साऱ्या जपानला दिसले. तिथले पैदासकार उन्हाळ्यात मासे मातीच्या तळ्यात सोडतात हे खरं. पण ती तळी मोठी आणि पाण्याच्या मानाने मासे मोजके. शरद ऋतूत तेच मासे जाळ्याने काढून आत, फिल्टर लावलेल्या काँक्रीटच्या हौदात आणले जातात. त्या डोंगरातल्या तळ्याचा न्याय आपल्या ताडपत्रीला लावता येत नाही.

‘सगळं पाणी बदला’ ही तर शिक्षाच आहे. एका तासात तापमान, पीएच, क्लोरीन सगळंच पालटतं. आठवड्याला दहा-पंधरा टक्के बदला, तळाची घाण ओढून घ्या, पुरेसं आहे.

तुरटीची सवय आपल्याकडे घराघरात आहे, म्हणून तिच्याबद्दल जरा सविस्तर. गढूळ पाणी तुरटीने निवळतं, पण ते होताना पाण्याची क्षारता खर्ची पडते. पीएचला धरून ठेवणारी तीच गोष्ट. धरणातून येणारं नळाचं पाणी बहुतेक ठिकाणी आधीच मऊ, त्यात पावसाळ्यात हौदावर पडणाऱ्या पाण्यात क्षार जवळजवळ नसतातच. अशात तुरटी फिरवली की पीएच एका रात्रीत कोसळू शकतो. मोरचूद टाकायचा सल्लाही ऐकलाय. मऊ पाण्यात मोरचुदातलं तांबं माशांच्या कल्ल्यांचा घात करतं, कृपा करून टाकू नका. पाणी हिरवं होतं ते ऊन आणि खत जास्त झाल्यामुळे. वर शेडनेट ताणा, खाद्य कमी करा, तरीही हटेना तर पंपाच्या वाटेत यूव्ही दिवा बसवा. पीएच टिकवायला फिल्टरमध्ये जाळीच्या पिशवीतून शिंपल्यांचा चुरा ठेवा.

खाद्यावरून आठवलं. कोईला जठरच नसतं. त्यामुळे एकदाच पोटभर घालून उपयोग नाही. चार-पाच मिनिटांत संपेल एवढंच, दिवसातून दोन-तीनदा. पाव आणि बिस्किटं नकोत.

‘मासा जागेच्या मानाने वाढतो’ असं म्हणणाऱ्यांनी खुरटलेला मासा पाहिलेला असतो. घाण पाण्यात त्याची वाढ खुंटते आणि तो लवकर मरतो. बरी निगा मिळालेला कोई दोन फुटांपर्यंत जातो आणि पंचवीस-तीस वर्षं सहज जगतो. हौद चार फूट खोल हवा तो यासाठीही. दीड फुटात पाणी मे महिन्यात दुपारी कढत होतं, आणि काठावर उभ्या ढोकरीला मासा अलगद उचलता येतो. घरात लहान मूल असेल तर मात्र हौदावर मजबूत जाळी बसल्याशिवाय पाणी भरू नका. दीड फुटी हौदालाही तोच नियम. आणि मासे जास्त झाले म्हणून नदीत किंवा धरणात सोडायचे नाहीत. जलपर्णी तर ओढ्याला लागूच द्यायची नाही, तिने मुळा-मुठेचं आणि उजनीचं काय केलंय ते आपण बघतोच आहोत.

डासांचं म्हणणं बरंचसं खरं आहे. कोई अळ्या खातात. पण जलपर्णीच्या दाट मुळ्यांत आणि अगदी उथळ कडेला ते पोचत नाहीत. डेंगीचा एडिस डास तर कुंडीखालच्या ताटलीत साठलेल्या पाण्यावरही भागवतो, आणि अंड्यापासून उडता डास व्हायला आठ-दहा दिवस पुरतात. हौदाचं पाणी हलतं ठेवा आणि आठवड्यातून एकदा ताटल्या पालथ्या करा.

राहिली ‘लूट’. दुकानातला महागडा फिल्टर घ्यायलाच हवा असं मीही म्हणत नाही. माझा फिल्टर म्हणजे दोनशे लिटरचे दोन निळे पिंप आहेत, आत स्पंज आणि जुन्या मच्छरजाळीच्या गुंडाळ्या. दोन तासांत हौदाचं सगळं पाणी त्यातून एकदा फिरेल एवढा पंप. पैसे वाचवू नयेत ते दोनच ठिकाणी: पंपाच्या लाइनवर वीज गळली की पुरवठा तोडणारा ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी, कारण त्याच पाण्यात आपण हात घालतो, आणि लाइट गेल्यावर चालेल असा इन्व्हर्टरवरचा एअर पंप.

मावसभावाचे मासे सध्या माझ्याकडे, मागच्या टाकीत आहेत. माझ्या फिल्टरमधला अर्धा स्पंज, न धुतलेला, त्याच्या पिंपात नेऊन घातलाय. काल संध्याकाळी त्याने टेस्टच्या नळ्यांचा फोटो पाठवला: अमोनियाची पिवळी, नायट्राइटची अजून जांभळट. तीही निवळली की आधी दोनच मासे जातील.