पाळी गेली म्हणून माया आटत नाही

पन्नाशीतल्या मैत्रिणींच्या दोन ग्रुपांवर गेल्या आठवड्यात एकच संदेश फिरला. सार असं: "प्रेमाचं हार्मोन ऑक्सिटोसिन बाईच्या अंडाशयात बनतं. पाळी गेली की ते संपतं, म्हणून बाई कोरडी, चिडचिडी होते. घरच्यांनी समजून घ्यावं." शेवटचं वाक्य तेवढं बरं आहे.

"अंडाशयात बनतं." नाही. ते मुख्यतः मेंदूत, हायपोथॅलॅमस नावाच्या भागात बनतं आणि मेंदूखालच्या पिट्यूटरी ग्रंथीच्या मागच्या भागातून रक्तात सुटतं. पुरुषांच्याही. गाई-मेंढ्यांच्या अंडाशयातल्या पीतपिंडात (बीज सुटल्यावर तिथे तयार होणाऱ्या गाठीत) मात्र ते खरंच भरपूर बनतं. संदेश मेंढ्यांसाठी असेल तर माझी हरकत नाही. आणि ओळख प्रेमाची नव्हे, कळांची: 1906 साली ब्रिटिश शास्त्रज्ञ हेन्री डेल यांना पिट्यूटरीच्या अर्काने मांजरीचं गर्भाशय आकुंचन पावताना दिसलं. गोठ्यात गाय पान्हवावी म्हणून चोरून टोचतात, ते इंजेक्शन हेच.

"पाळी गेली की संपतं." इथे संदेशवाल्याने कुठेतरी अर्धवट वाचलंय. अंडाशयाचा संबंध आहे, पण वेगळा. मादी उंदरांना इस्ट्रोजेन, म्हणजे अंडाशयातलं एक हार्मोन, दिलं की हायपोथॅलॅमसच्या एका भागात ऑक्सिटोसिनचे रिसेप्टर, म्हणजे त्याचा निरोप पकडणारे पेशींवरचे रेणू, वाढतात. मागोमाग अंडाशयातलंच दुसरं हार्मोन, प्रोजेस्टेरॉन, आलं की ते आणखी पसरतात. इस्ट्रोजेनचे स्वतःचे रिसेप्टर दोन, अल्फा आणि 1996 साली सापडलेला बीटा. अल्फाचं जनुक बंद केलेल्या उंदरांत इस्ट्रोजेन देऊनही ही वाढ होत नाही. बीटा तर ऑक्सिटोसिन बनवणाऱ्या पेशींतच सापडतो. म्हणजे निरोप मेंदूचाच. तो किती बनावा आणि किती ऐकू यावा, यात अंडाशयाची संप्रेरकं ढवळाढवळ करतात. ती कमी झाली म्हणून मेंदू मुका होत नाही.

"म्हणून बाई कोरडी होते." 1979 साली पेडरसन आणि प्रँज या संशोधकांनी पिल्लं न झालेल्या उंदीर-माद्यांच्या मेंदूत ऑक्सिटोसिन सोडलं, तर त्या परकी पिल्लं सांभाळू लागल्या, अंडाशय काढलेल्यांत मात्र इस्ट्रोजेनशिवाय हे जमलं नाही. बघा, सिद्ध झालं, असं कुणी म्हणेल. पण त्याआधी, 1967 सालीच, रोझेनब्लाट या संशोधकाने अंडाशय काढलेल्या, पिट्यूटरी काढलेल्या माद्या आणि चक्क नरही रोज पिल्लांजवळ ठेवले होते. आठवडाभरात तेही पिल्लं गोळा करू लागले, चाटू लागले. हार्मोनने लवकर होतं ते सहवासाने उशिरा होतं, एवढाच फरक. आणि हे उंदरांचं. नातवंडं सांभाळणाऱ्या आजीला तर वर्षानुवर्षांचा सहवास असतो.

चिडचिड खोटी नाही. रात्री अंग घामाने भिजतं, झोप मोडते, सकाळी सहाला डबा करायचाच असतो. त्याचं खापर ऑक्सिटोसिनवर कशाला?

संदेशाखाली "ऑक्सिटोसिन वाढवणाऱ्या" गोळ्यांची लिंकही होती. ऑक्सिटोसिन ही नऊ अमिनो आम्लांची साखळी. ती गिळली तर पोटात पचून जाते, म्हणून तर बाळंतपणात कळा येण्यासाठी ते सलाईनमधून देतात.