खुलासा : ‘एल’ नंबर म्हणजे सीबीएसच्या आधीचा बेस, असं नाही

जुन्या फेंडर बेस गिटारबद्दलची माझीच एक पोस्ट सध्या फिरते आहे: ‘नेकप्लेटवरचा (नेक म्हणजे गिटारची मान; ती जोडणाऱ्या मागच्या पत्र्यावरचा) नंबर एल अक्षराने सुरू होत असेल, तर तो बेस सीबीएसने कंपनी घेण्याआधीचा.’ हे चुकीचं आहे, आणि चूक माझी.

सीबीएस या अमेरिकी प्रसारण कंपनीने फेंडर घेतली जानेवारी १९६५ मध्ये. एल नंबरच्या प्लेटा १९६२ च्या अखेरीस सुरू झाल्या आणि १९६५ मध्येही लागतच होत्या, त्याही क्रमाने नाहीत. शिवाय प्लेट म्हणजे चार स्क्रूंनी बसवलेला पत्रा. तो कुणीही, कधीही बदलू शकतो.

माझ्या लक्षात आलं ते दुरुस्तीला आलेल्या एका जॅझ बेसमुळे (हे फेंडरचंच एक मॉडेल). प्लेटवर ऐटीत एल! तारा सैल करून नेक काढली, तर टाचेवर, म्हणजे बॉडीत बसणाऱ्या टोकावर, शिक्का : ‘७ मे ६५ ए’. (यातला ७ तारीख नव्हे बरं का, तो जॅझ बेसचा कोड, ए म्हणजे नटपाशी, तारा जिथून डोक्याकडे जातात त्या पट्टीपाशी, नेकची रुंदी.) पॉटच्या (आवाज कमी-जास्त करणाऱ्या बटणाखालच्या भागाच्या) पाठीवर ३०४६५१२, म्हणजे ३०४ ही पॉट बनवणारी स्टॅकपोल कंपनी, १९६५ सालचा १२ वा आठवडा. पॉटवरचे सोल्डरिंगचे डाग मूळचेच असतील, म्हणजे पॉट बदललेला नसेल, तर बेस त्याआधी जोडलेला असूच शकत नाही. नंतरचा मात्र असू शकतो, कारण पॉट कधीकधी वर्षानुवर्षं पडून राहत.

मूळ पोस्ट मी काढली आहे. तिचे स्क्रीनशॉट कृपया पुढे पाठवू नका; आधीच पाठवले असतील, तर त्याच ग्रुपवर हा खुलासा टाका. आणि निव्वळ प्लेटच्या फोटोवर कुणाला बयाणा देऊ नका, नेकच्या टाचेचा फोटो मागा.