आत्याला पट्टा लावायला सांगणारे ‘सात नियम’

गेल्या आठवड्यात आमच्या कुटुंबाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर ‘डिमेन्शियाच्या रुग्णांना सुरक्षित ठेवण्याचे सात नियम’ असा एक संदेश आला. डिमेन्शिया म्हणजे स्मरणशक्ती आणि समज हळूहळू ढासळत जाण्याचा आजार. लिहिणाऱ्याचे नाव नव्हते. ‘अनेक डॉक्टरांच्या अनुभवातून’ एवढीच काय ती ग्वाही होती. असले संदेश मी एरवी न वाचता पुढे सरकवते. हा मात्र सोडून देता आला नाही, कारण तो वाचून माझ्या आतेभावाने थेट मस्कतहून फोन केला आणि आत्या गेले दीड वर्ष पुण्याजवळच्या ज्या काळजी केंद्रात राहते तेथे ‘आजपासून आईला रात्री पट्टा लावा’ असे सांगून टाकले. दादा निष्ठुर नाही. गेल्या महिन्यात आत्या पहाटे अंधारात पडली, कपाळाला चार टाके पडले, आणि तेव्हापासून रात्री फोन वाजला की त्याच्या पोटात गोळा येतो. अशा घाबरलेल्या मुलाच्या हाती हा संदेश पडला, म्हणूनच माझा राग त्याच्यावर नसून संदेशावर आहे. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या एका देशव्यापी पाहणीप्रमाणे भारतात साठीपुढच्या सुमारे ८८ लाख लोकांना डिमेन्शिया आहे. म्हणजे हे ‘नियम’ वाचून फोन उचलणारा दादा एकटाच नसणार.

नियम थोडक्यात असे आहेत. खोलीला बाहेरून कडी लावावी. रात्री खाटेला पट्ट्याने बांधावे. संध्याकाळी झोपेची अर्धी गोळी द्यावी. पाचनंतर पाणी देऊ नये. चुकीचे बोलल्यास प्रत्येक वेळी दुरुस्त करावे. कॅमेरे लावावेत म्हणजे माणसे कमी लागतात. आणि या रुग्णांच्या फिरण्याला काहीही कारण नसते, त्यामुळे कारण शोधत बसू नये.

सर्वांत भयंकर नियम दुसरा आहे आणि तोच सर्वांत आत्मविश्वासाने लिहिलेला आहे. ‘पडण्यापेक्षा बांधलेले बरे, आयसीयूतही बांधतातच,’ असे त्याचे समर्थन आहे. आयसीयूत कधीकधी हात बांधतात हे खरे. पण ते श्वासाची नळी रुग्णाने उपसून काढू नये म्हणून, डॉक्टरच्या सांगण्यावरून आणि परिचारिका काही फुटांवर उभी असताना. काळजी केंद्रात रात्रभर पट्टा लावून दिवा मालवणे ही निराळी गोष्ट आहे. आपल्याला का बांधले आहे हे आत्याला कळत नाही आणि सांगितले तरी पाच मिनिटांत विसरते. साहजिकच ती सुटायचा प्रयत्न करते, आणि अर्धवट खाली घसरलेल्या माणसाचा कमरेचा पट्टा वर सरकून छातीवर किंवा गळ्यावर येतो. असे मृत्यू वैद्यकीय साहित्यात नोंदलेले आहेत. खाटेच्या उंच कठड्यांचेही तेच. ते पाहून म्हातारे माणूस थांबत नाही, त्यांच्यावरून चढते आणि अधिक उंचावरून पडते. जे बांधून घेऊन निमूट पडून राहतात त्यांच्या पायांतील ताकद काही दिवसांतच जाऊ लागते, पाठीला जखमा होतात, शौचास होत नाही. मग ज्या दिवशी पट्टा सुटतो त्या दिवशी पडण्याची शक्यता पूर्वीपेक्षा वाढलेली असते. पट्ट्याने पडणे थांबत नाही, ते फक्त पुढे ढकलले जाते.

यावर ग्रुपवरील एका काकांनी ‘हे सगळे परदेशातले लाड आहेत, आपल्याकडे असे चालत नाही’ असे लिहिले. म्हणून आपल्याकडचेच सांगते. मानसिक आरोग्यसेवा अधिनियम, २०१७ हा भारताच्या संसदेने केलेला कायदा आहे. त्याचे कलम ९७ सांगते की, मानसिक आजार असलेल्या व्यक्तीला एकांतात कोंडून ठेवता येणार नाही; आणि शारीरिक बंधन घालायचे झाल्यास स्वतःला किंवा इतरांना होऊ घातलेली तात्काळ इजा टाळण्याचा दुसरा कोणताही मार्ग उरलेला नसेल तरच, उपचार करणाऱ्या मानसोपचारतज्ज्ञाच्या परवानगीने आणि अगदी आवश्यक तेवढ्याच वेळापुरते घालता येईल. त्याची माहिती रुग्णाच्या नामनिर्देशित प्रतिनिधीला, म्हणजे त्याच्या वतीने नेमलेल्या माणसाला, चोवीस तासांच्या आत द्यावी लागते. याच कलमात एक वाक्य असे आहे की ते मोठ्या अक्षरांत लिहून प्रत्येक केंद्राच्या दारावर लावावे: केवळ कर्मचारी कमी आहेत या कारणासाठी बंधन वापरता येणार नाही. हा कायदा ‘वेड्यांच्या इस्पितळांसाठी’ आहे असे समजू नये. त्यातील मानसिक आजाराच्या व्याख्येत स्थळकाळाच्या भानाचा आणि स्मरणशक्तीचा गंभीर बिघाड शब्दशः आलेला आहे, आणि हा कायदा ज्यांना लागू होतो त्या ‘आस्थापनां’च्या व्याख्येत अशा व्यक्तींना काळजीसाठी ठेवणाऱ्या जागाही येतात. आईसाठी ‘रात्री पट्टा लावा’ अशी कायमची सूचना फोनवरून देण्याचा अधिकार मुलाला नाही आणि ती पाळण्याचा अधिकार केंद्राला नाही.

सातवा नियम याच्याशीच जोडलेला असल्याने येथेच घेते. फिरण्याला कारण नसते म्हणे! आत्या रोज पहाटे साडेतीन-चारला उठते. केंद्रातल्या रात्रपाळीच्या मावशींनी आठवडाभर वेळा टिपून ठेवल्या आणि मला विचारले, ‘ताई, यांच्याकडे पहाटे काय असायचं?’ पहाटे नळाला पाणी यायचे. सोलापुरात चाळीस वर्षे आत्याने त्या वेळी उठून घरातली भांडी भरली आहेत. आता तिच्या खाटेपासून मोरीपर्यंत मंद दिवा रात्रभर जळतो, खाट बुटकी केली आहे, वाटेतले पायपुसणे काढले आहे, ढिल्या सपातांऐवजी मागून पट्टा असलेल्या चपला आल्या आहेत, आणि साडेतीनला मावशी स्वतःच तिला उठवून लघवीला नेतात व नंतर हातात एक कळशी देतात. कळशी भरली की ती झोपते. प्रत्येकाचे कारण इतके सरळ सापडत नाही, हे मान्य. कोणाला लघवी लागलेली असते, कोणाला भूक, कोणाचे गुडघे ठणकत असतात आणि ते सांगायला शब्द उरलेले नसतात. एखादी व्यक्ती एकाएकी, दोन-तीन दिवसांतच फार भ्रमिष्ट झाली तर ती डिमेन्शियाची पुढची पायरी आहे असे धरून बसण्याआधी लघवीचा संसर्ग, बद्धकोष्ठता आणि नवी औषधे तपासायची असतात. कारण शोधूच नका हा सल्ला अशा वेळी जिवावर बेततो.

गोळीविषयी. झोपेच्या गोळीने तोल जातो आणि म्हातारी माणसे पडतात, हे एवढे उघड आहे की पडू नये म्हणून ती द्या असे सुचवणाऱ्याची कमाल वाटते. ‘शांत ठेवण्यासाठी’ बऱ्याचदा मनोविकारांवरची जी औषधे दिली जातात, त्यांचा प्रश्न आणखी गंभीर आहे. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने एप्रिल २००५ मध्ये १७ चाचण्यांच्या आधारे या गटातील नव्या औषधांवर ठळक इशारा छापायला लावला: साधारण दहा आठवड्यांच्या चाचणीत औषध घेणाऱ्या डिमेन्शियाच्या वृद्धांपैकी सुमारे ४.५ टक्के दगावले, तर तुलनेसाठी औषध नसलेली नुसती खोटी गोळी घेणाऱ्यांपैकी सुमारे २.६ टक्के. पुढे २००८ मध्ये जुन्या औषधांनाही तोच इशारा लागू झाला. अतिशय त्रास होत असताना, इतर सर्व उपाय करून झाल्यावर, डॉक्टर थोड्या दिवसांसाठी ही औषधे देतात आणि ते योग्यही असू शकते. पण ‘अर्धी गोळी रोज’ हा नियम व्हॉट्सॲपवरून कोणी देऊ नये.

कडीच्या बाबतीत थोडे तथ्य आहे, आणि ते नाइलाजाने कबूल करते. केंद्राचे मुख्य फाटक बंदच हवे. आत्या एकदा भाजी आणायला म्हणून थेट हमरस्त्यापर्यंत गेली होती. औषधांचे कपाट आणि स्वयंपाकघरही कुलपात असावे. परंतु आवाराचे फाटक बंद असणे आणि माणसाच्या खोलीला बाहेरून कडी असणे यांत जमीन-अस्मानाचे अंतर आहे. ६ ऑगस्ट २००१ रोजी तमिळनाडूतील एरवाडी येथे आग लागली तेव्हा साखळ्यांनी जखडलेल्या मनोरुग्णांना पळता आले नाही आणि २८ जणांचा बळी गेला. त्यांनाही ‘सुरक्षित’ म्हणूनच बांधले होते. फाटकाची किल्ली रात्री कोणाच्या कमरेला असते हे दादाने विचारले असते तर मी त्याचे पाय धरले असते.

उरलेल्या नियमांवर फार शाई खर्च करण्याजोगे काही नाही. रात्री चहा-कॉफी टाळणे ठीक, पण पाचनंतर पाणीच बंद केल्यास अंगातले पाणी कमी होऊन गोंधळ वाढतो, आणि वर सांगितलेल्या लघवीच्या संसर्गाला आमंत्रण मिळते. दुरुस्त करण्याबद्दल एवढेच सांगते की, ‘हे कुठे गेले?’ असे आत्याने विचारल्यावर दर वेळी ‘अहो, ते वारले’ असे उत्तर दिले तर ती दर वेळी नव्याने विधवा होते. कॅमेरा पडलेल्या माणसाचे चित्र दाखवतो, त्याला हात देत नाही.

परवा रात्री दादाशी तासभर बोलले. पट्ट्याची सूचना त्याने मागे घेतली. कलम ९७ त्याला मोठ्याने वाचून दाखवावे लागले. मग त्याने केंद्राला निराळा प्रश्न विचारला, की रात्रपाळीला माणसे किती असतात. उत्तर आले: एकोणीस रहिवाशांमागे एक मावशी. पडण्याच्या घटनांची नोंदवही मागितली, तर ती ‘शोधून ठेवतो’ असे सांगितले. दुसरी मावशी कधीपासून नेमणार आणि तिचा खर्च कोणी सोसायचा, यावर येत्या रविवारी व्यवस्थापकांबरोबर बैठक ठरली आहे. दादा मस्कतहून व्हिडिओ कॉलवर असेल.