नीलवंताच्या मिश्या

फुलपाखरू फुलावर बसतं ही अफवा ज्याने पहिल्यांदा पसरवली, त्याने आयुष्यात कॅमेरा हातात धरला नसणार. ते शेणावर बसतं, गटाराच्या ओल्या कडेला बसतं, सडक्या चिकूवर बसतं. आणि घोडबंदर रोडच्या कडेला एक रिक्षावाले दादा जे काही उरकून नुकतेच वळले होते, बरोब्बर त्याच जागी बसलेलंही मी पाहिलंय.

जाणकारांकडे याचं उत्तर आहे. नरांना क्षार लागतात, मुख्यतः सोडियम. फुलातल्या मधात ते जवळजवळ नसतंच, ओल्या चिखलात आणि मूत्रात भरपूर असतं. शिवाय जमवलेले हे क्षार मिलनाच्या वेळी मादीला आहेरात जातात. म्हणजे शेणाच्या पोवर ते जे ताटकळत बसलेलं असतं, ती लग्नाची खरेदी चाललेली असते. मग हलणार कशाला? फोटोही तिथेच छान येतो. फक्त फोटोत शेणही छान येतं.

फुलावर बसायला कधीतरी येतंही. पण आपला नीलवंत घ्या. २०१५ साली त्याला राज्य फुलपाखराचा मान मिळाला. असा मान देणारं महाराष्ट्र हे देशातलं पहिलं राज्य. पंख पसरले की बारा ते पंधरा सेंटीमीटर, काळ्या मखमलीवर निळा पट्टा. पण मध पितानाही हा गृहस्थ पंख थरथरवायचं थांबत नाही. शटरचा वेग वाढवावा तर उजेड कमी पडतो, आयएसओ (म्हणजे कॅमेऱ्याची उजेड टिपायची ताकद) वाढवावा तर फोटोवर रवा सांडल्यासारखा दिसतो. मॅक्रो लेन्सची आणखी एक खोड: इतक्या जवळून फोकस जेमतेम काही मिलिमीटरचा मिळतो. डोळा टिपला की पंखाचं टोक धुक्यात, पंख टिपला की डोळा गायब. दोन्ही हवेत तर लेन्स पंखांना अगदी समांतर धरायची. त्यासाठी दव पडलेल्या गवतात पोटावर आडवं व्हायचं आणि आपली सावली त्याच्यावर पडू द्यायची नाही. पडली की संपलं.

ठाण्यातल्या ओवळेकर वाडीच्या फुलपाखरू उद्यानात मी रविवारी असाच पालथा पडलो होतो. मागून एका चिमुरडीने विचारलं, "काका, काही हरवलंय का?" मान वळवून 'नाही गं' म्हणेपर्यंत हरवलं.

खरा छळ रात्री लॅपटॉपवर सुरू होतो. पहिलं काम शेण काढणं. आमच्या हिने एकदाच स्क्रीनकडे पाहिलं आणि निकाल दिला, "ते जेवणाच्या टेबलावर नको." मग फुलपाखरू सिलेक्ट करून शेण पुसायचं आणि खाली गुलाबी झिनिया लावायची. इथे सॉफ्टवेअरची अक्कल कळते. त्याला पंख दिसतात, धड दिसतं, मिश्या म्हणजे कचरा वाटतो. एका क्लिकमध्ये नीलवंत सफाचट. मग झूम करकरून, श्वास रोखून, त्या दोन मिश्या हाताने काढायच्या. आणि टोकाला बारीकशी गाठ द्यायला विसरायचं नाही! फुलपाखराच्या मिशीला टोकाशी गाठ असते. पतंगाची पिसासारखी नाहीतर नुसती टोकदार. गाठ सुटली की ग्रुपवरचे अभ्यासू लोक पहाटे साडेपाचला 'हा पतंग आहे' म्हणून मोकळे होतात.

पक्ष्याने चावा घेतलेला पंख तर नेहमीचाच. दुसरा पंख उचलायचा, उलटा करायचा, चिकटवायचा. फोटो देखणा होतो, पण ऊन दोन्ही बाजूंनी येऊ लागतं. मग एका बाजूची सावली खरवडत बसा. हे सगळं करून कंटाळा आला की माझ्यातला कलावंत जागा होतो. मागे जांभळी आकाशगंगा, थोडी जलरंगाची झाक, पंखांवर सोनेरी धूळ. निसर्ग छायाचित्रणाच्या स्पर्धेत हा फोटो दाराबाहेरच अडवतील, तिथे काढायचं-घालायचं काही चालत नाही. नातेवाइकांत मात्र त्याला तोड नाही. नाशिकच्या आत्याने हात जोडल्याच्या अर्धा डझन खुणांसह लिहिलं, "काय ही देवाची करणी!" देवाचं त्यात धड तेवढं होतं.

आणि जो फोटो मी बोटही न लावता पाठवतो, त्याचं काय होतं ते ऐका. हळदी-कुंकू नावाचं फुलपाखरू आहे. पंख मिटले की पिवळाधमक रंग आणि कडेने लाल ठिपक्यांची रांग. एरवी झाडाच्या शेंड्याशीच घिरट्या घालतं, त्या दिवशी टणटणीवर उतरलं आणि चक्क थांबलं. जसं होतं तसं पाठवलं. मेहुण्यांचं उत्तर आलं, "रंग जरा जास्तच चढवलेत." येऊरच्या जंगलातला ब्लू ओकलीफही असाच पाठवला. हा पंख मिटून बसला की हुबेहूब वाळकं पान, मधल्या शिरेसकट. त्यावर आत्या: "पान छान आलंय. फुलपाखरू उडाल्यावर काढलास का?"

आता सोसायटीचं कॅलेंडर निघतंय. सेक्रेटरींनी निवडला अर्थातच आकाशगंगेवाला नीलवंत. मग रात्री फोन. "त्याचं तोंड डावीकडे करता येईल का? त्या बाजूला अध्यक्षांचा फोटो येतोय, पाठ फिरवल्यासारखं दिसतं." करून दिलं. दुसऱ्या दिवशी अध्यक्षांचाच फोटो आला. मागे पार्किंगमधला कचऱ्याचा डबा होता, तो काढून तिथे फुलं घालायची होती.

सॉफ्टवेअरने डबा काढला आणि सवयीप्रमाणे अध्यक्षांच्या मिश्याही साफ केल्या. त्या आता हाताने काढतोय. टोकाला गाठ द्यायची का, ते सेक्रेटरींना विचारलंय.